व्याह्यांची पहिली बायको

लेकीच्या होणाऱ्या सासऱ्यांना दोन बायका आहेत, हा शोध मला त्यांच्याच घरी, टॉयलेट शोधताना लागला.

मुक्ताने टॉमशी लग्न ठरवलं होतं. त्याच्या आईवडिलांना भेटायला आम्ही साउथहॅम्प्टनहून ब्रॅकनेलला पहिल्यांदाच संडे लंचला गेलो. वडील ब्रायनराव, आई पेगीबाई. माणसं इतकी गोड, की मी नेलेल्या करंज्या त्यांनी ग्रेव्हीत बुडवून खाल्ल्या! (पहिलीच भेट.)

मग मी वर गेले. जिन्यात लग्नाचा फोटो. नवरदेव ब्रायनरावच, नाकावरून ओळखू आले. नवरीचा चेहरा भल्यामोठ्या हॅटखाली गडप. आणि फ्रेमवर कोरलेलं: ‘ब्रायन आणि मार्गारेट’.

टॉयलेट राहिलं बाजूला, मी तशीच खाली आले. ब्रायनराव मुलांना टोमॅटो दाखवायला बागेत गेले होते, पेगीबाई स्वयंपाकघरात, टेबलापाशी आमचे हे एकटेच.

“अहो, यांची पहिली बायको कुणी मार्गारेट आहे!”

“असेल. इथे चालतं,” बटाटा कापत हे म्हणाले.

“पण फोटो अजून भिंतीवर! उद्या टॉमनेही असंच केलं तर? आपली मुक्ता कुठल्या भिंतीवर?”

तेवढ्यात बेल वाजली. दारात पार्सलवाला. “मार्गारेटचं पार्सल!” आणि पेगीबाईंनी ते चक्क हसतमुखाने घेतलं! म्हणजे ती बाई अजून येते-जाते!

पेगीबाई भांडी घासायला लागल्या तशी मी मागोमाग गेले आणि त्यांचे साबणाचे हात धरले.

“मला सगळं कळलंय. मार्गारेट फार त्रास देते का हो?”

त्या चमकल्या, मग हसल्या. “रोजच! गुडघ्यांचं तर विचारूच नका.”

“गुडघे? मारते ती तुम्हाला?”

“कोण?”

“अहो, गाडी काढा!” मी ओरडले. “पेगीबाईंना आपण घरी नेतोय!”

सगळे धावत आले. “आई, तू काय केला?” मुक्ता रडकुंडीला आली. “माझी लग्न मोडणार तू!” (इतकी वर्षं मराठी शिकवूनही लग्न स्त्रीलिंगी! पण ती बोलायची वेळ नव्हती.)

मी चाचरत फोटोचं सांगितलं. संपलं! माझ्या पोरीचं ठरलेलं लग्न मी सिंकपाशी उभं राहून मोडलं होतं.

मग पेगीबाई म्हणाल्या, “अहो, मार्गारेट मीच!”

ब्रायनरावांनी मला खुर्चीत बसवून समजावलं. मार्गारेटचं लाडाने मेग, मेगला यमक जुळवून पेग, पेगची पेगी. पूर्वी म्हणे गावोगावी मार्गारेट इतक्या, की एकीला हाक मारली की निम्मा बाजार वळायचा. मग अशी नावं पडत गेली.

“पण एकाच बाईची इतकी नावं?” मी शेवटचा बचाव केला. “माणसाने ओळखायचं कसं?”

“हिचं माहेरचं नाव शकुंतला,” हे शांतपणे म्हणाले. “घरात सगळे बेबी म्हणतात. लग्नात मी वैदेही ठेवलं.”

ब्रायनराव गंभीर झाले. “मग तिघींपैकी लग्नाला कोण येणार?”

“बेबी येईल,” मी म्हटलं. “बाकीच्या दोघींना तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.”