अडीच किलोचा ट्रिगर

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. आमच्या डेपोत ते आपोआप साठले. शिफ्टच्या आधी पिस्तूल, गोळ्या, बुलेटप्रूफ व्हेस्ट, सह्या हे सगळं होईपर्यंत वीस मिनिटं लाइनीत उभं राहावं लागायचं. आता वीस मिनिटं आपली माणसं गप्प राहतील का?

मी सिडनीत आलो अकाउंटिंग शिकायला. त्या वर्षांत अर्धं पुणे अकाउंटिंग नाहीतर कुकरी शिकायलाच येत होतं. हॅरिस पार्कला दोन बेडरूममध्ये आम्ही सात जण! पुढे पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी मिळाली, पण अकाउंटंटची नोकरी काही मिळेना. मिळाली ती एटीएम भरणाऱ्या व्हॅनवर, कमरेला पिस्तूल लावून.

* * *

आमचा ट्रेनर लेस. साठीचा, आवाज असा की गोळीबाराच्या रेंजवर कानाला मफ्स लावूनही ऐकू यावा.

पहिल्याच दिवशी त्याने रिकामं पिस्तूल नळी वर करून धरलं आणि ट्रिगरला दोरीने तांदळाची पिशवी टांगली. एक किलो, काही नाही. दोन किलो, तरी काही नाही. अडीच झाले आणि ‘टक्’!

मी आपला हुशारी दाखवायला विचारलं, “हा जरा हलका नाही का करता येत? नेम चांगला लागेल.”

“कागदावर लागेल,” लेस म्हणाला. “रस्त्यावर तुझं बोट घाबरलेलं असणार, मेट. घाबरलेल्या बोटाला हलकं काम देऊ नये!”

आणि मग दिवसभर एकच घोष. गोळी झाडायचा निर्णय होईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, नळीच्या बाजूने सरळ. चुकलं की लेस कानाशी येऊन ओरडायचा, “फिंगर!”

* * *

याचा परिणाम घरी दिसला. मनीषाने, म्हणजे माझ्या बायकोने, काचा पुसायचा स्प्रे हातात दिला. मी खिडकीसमोर उभा. बाटली रोखलेली, बोट बाजूला सरळ. एक मिनिट झालं, दोन झाली.

“अरे, काच काय हल्ला करतेय का तुझ्यावर?” ती म्हणाली. “दाब की!”

* * *

आमच्या बॅचला प्राजक्ता होती. सांगलीची, पाच फूट उंची, वजन बहुतेक व्हेस्टसकट पन्नास. परीक्षेत डाव्या हाताने पाच राउंड मारायचे होते. तिथे भले भले जिमवाले ढेपाळायचे. अडीच किलो ओढताना हात हलायचा आणि गोळी खाली जायची.

लेसने तिला आधीच सांगून ठेवलं, “पहिल्यांदा नाही जमलं तरी नो वरीज.”

प्राजक्ताने पाच राउंड मारले. पाचही भोकं एका बशीत मावतील अशी!

लेस टार्गेटकडे बघतच राहिला. “कुठल्या जिमला जातेस?”

आता ही कुकरीच्या कोर्सला असताना दोन वर्षं मिठाईच्या दुकानात रोज दोन्ही हातांनी सोऱ्या दाबायची. तिने खरं तेच सांगितलं, “चकली.”

लेसने वही काढली. “स्पेलिंग सांग. ही जिम पॅरामॅटात आहे का?”

* * *

आईला मी फोनवर सांगितलं होतं, ‘सिक्युरिटीत आहे.’ तिला वाटलं कॉम्प्युटरची. सोसायटीभर तसं सांगूनही झालं. मग कुणीतरी माझा युनिफॉर्ममधला फोटो तिला दाखवला.

“खरी आहे का रे ती बंदूक?”

“हो आई.”

मग म्हणाली, “उन्हात उभं राहावं लागतं का? टोपी घालत जा.”

* * *

वेन आमच्यातला सगळ्यात जुना. बावीस वर्षं व्हॅनवर. मला सगळं काम त्याने शिकवलेलं.

दरवर्षी लेस प्रत्येकाचं पिस्तूल तपासायचा. मासे तोलतात तसला काटा ट्रिगरला अडकवून ओढायचा. वेनचं पिस्तूल दीड किलोलाच ‘टक्’ झालं.

लेसने पुन्हा ओढलं. पुन्हा दीड.

“कुणी केलं हे?”

“स्प्रिंग जुनी झाली असेल,” वेन म्हणाला.

“स्प्रिंग बदललीय, वेन! हे घेऊन तू गर्दीत फिरतोस? कुणाचा जीव गेला असता!”

लेसला इतकं चिडलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. वेन मान खाली घालून उभा. तेवढ्यात प्राजक्ता हळूच म्हणाली, “लेस, त्याच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण रोज मी उघडून देते.”

सगळ्यांची नजर वेनच्या हातांकडे गेली. पेरं सुजून गाठी आलेल्या.

“मला दुसरं काही येत नाही, लेस,” वेन म्हणाला.

लेसने रिपोर्ट लिहिला. पिस्तूल सील केलं, वेनची व्हॅन बंद. त्या दिवशी लाइनीत कुणी बोललं नाही.

पुढच्या महिन्यात नव्या बॅचला रेंजवर सोडायला गेलो, तर आतून आवाज आला, “फिंगर!” आवाज लेसचा नव्हता. वेनचा!

मी लेसकडे बघितलं. तो म्हणाला, “ओरडायला बोटं लागत नाहीत.”

* * *

आणि हा किस्सा केलीव्हिल उपनगरातला. आर्वोची, म्हणजे दुपारची वेळ, शॉपिंग सेंटरमध्ये गर्दी. मी एटीएम उघडून बसलेलो, प्राजक्ता माझ्याकडे पाठ करून पहाऱ्याला.

मागे धावत येणारी पावलं ऐकू आली. मग प्राजक्ताचा आवाज, “स्टॉप! शो मी युअर हँड्स!”

मी वळलो. वीस-बावीस वर्षांची मुलगी, चार पावलांवर. एक हात बॅगेत खोल घातलेला. प्राजक्ताचं पिस्तूल अर्धं बाहेर. मला पहिलं दिसलं ते तिचं बोट. बाजूला, सरळ.

मुलगी गोठली. हात बाहेर येईना. प्राजक्ताने पुन्हा सांगितलं, या वेळी तोंडून मराठीच निघालं, “सावकाश काढ. सावकाश.”

मुलीला कळलं! तिने हात सावकाश बाहेर काढला. हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमधला एक कागद.

“ताई,” ती रडायच्या बेतात आली, “तुमच्या नावाच्या पट्टीवर मराठी आडनाव दिसलं... माझा रेझ्युमे द्यायचा होता.”

प्राजक्ताने पिस्तूल कमरेच्या कव्हरमध्ये खाली सरकवलं, कव्हरचं बटण लावलं. कागद घेतला. “पुन्हा कुणाच्या अंगावर असं धावत येऊ नकोस गं,” एवढंच म्हणाली.

व्हॅनमध्ये बसल्यावर तिने आधी दार लॉक केलं. मग तिने तो कागद मांडीवर पसरला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

“छंद काय लिहिलाय माहितेय?” डोळे पुसत ती म्हणाली. “नवनवीन लोकांना भेटणं!”