माहेरीच ठेवलेलं दुखणं

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे ते काही महिने मी दर रविवारी नगरहून एसटीने पारनेरला जायचो. बायको ओट्यावर पाय लांब करून वाचत बसलेली असायची. पाय इतके सुजलेले, की वडिलांच्या वहाणा घालून फिरायची. मी जेवायला बसलो की कुजबुजायची, "अहो, तुमच्या आमटीतली वाटीभर इकडं सरकवा. आळणी खाऊन जीभ मेलीय माझी." आतून सासूबाई ओरडायच्या, "जावयाच्या ताटातलं मागतीस, लाज हाय का न्हाई?" आम्ही दोघं शाळकरी पोरांसारखे हसायचो. गरोदरपणातलं पथ्य असतं, एवढंच मला सांगितलेलं.

मुलगी झाली, सूज ओसरली. पुढे अनेक वर्षं बायको शाळेत शिकवत राहिली, गड चढताना माझ्यापुढे असायची. मागच्या वर्षी तिला पक्षाघाताचा झटका आला. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "गरोदरपणात बीपी वाढलं होतं?" मी नाही म्हणालो. मागून सासूबाई म्हणाल्या, "हुतं की. लई हुतं. पर ते आमच्याकडं हुतं. सासरी जाईस्तवर उतरलं."

लेक दुखणाईत निघाली, असं कुणी म्हणू नये म्हणून त्यांनी ते घरातच ठेवलं होतं. डॉक्टरबाईंनी सांगितलं, बीपी उतरतं. पण त्या दिवसांत रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला बसलेला मार काही बायकांत मागे राहतो. वाहिन्या ताठर होत जातात, वरून काही कळत नाही. म्हणून पुढेही दरवर्षी तपासायचं असतं.

त्याच आठवड्यात ती गेली.

या उन्हाळ्यात मुलगी बाळंतपणाला माझ्याकडे आली. आठव्या महिन्यात तिचंही बीपी वाढलं, बाळंतपणानंतर गोळ्यांनी उतरलं. तिला न्यायला राजूरकडून विहीणबाई आल्या, तेव्हा नातीचं बाळंतपण करायला आलेल्या सासूबाईंनी मला आत बोलावलं. "उतरलंय ना? मग गप ऱ्हावा. पोरीला नावं ठेवतील."

ओटी भरून झाली. मी बाहेर येऊन सांगितलं, "विहीणबाई, हिला बीपी झालं होतं. आता नाही. पण जन्मभर तपासत राहावं लागेल. हिच्या आईचं कुणी तपासलं नाही."

विहीणबाईंनी बाळाचं टोपडं सारखं केलं.

"एवढंच व्हय? मला वाटलं, बाळंतविडा इसरला म्हनून तोंड पाडून बसलाय. चला मग गाडीत. आमच्या डॉक्टरला तुमीच सांगा नीट. मला न्हाई जमायचं."

लेकीला बाळासकट सासरी पोचवायला आई जाते. मी सदरा बदलला आणि गाडीत बसलो.