म्हाळसा न्हायाला गेली

नकोशीमावशी आमच्याकडे भांडी घासायला आल्या ते २०१२ साल. त्यांचं गाणं मी पुढची दहा वर्षं ऐकलं आणि दहाही वर्षं चुकीचं ऐकलं. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून ही गोष्ट सांगताना मला जास्तच लाज वाटते.

माझे यजमान वालचंदनगरला कंपनीत होते, आम्हाला क्वार्टर मिळालं होतं. मागच्या दारी नळ आणि त्याखाली दगडी ओटा. मावशी कळंबहून सकाळी चालत यायच्या. मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. बापाला पाचवीही मुलगीच झाली म्हणून नाव ठेवलं नकोशी. नवरा लवकर गेला. मुलगा राम टेम्पो चालवायचा, त्याची मुलगी संस्कृती तेव्हा तिसरी-चौथीत असेल. मावशी फारसं बोलायच्या नाहीत. चहा बशीत ओतून ओट्यावरच बसून प्यायच्या आणि कढईला साबण लावू द्यायच्या नाहीत, त्यांना राखच लागायची.

भांडी घासताना त्या एकच गाणं म्हणायच्या. नळाच्या आवाजात ते नीट कळायचं नाही. एकदा मी दारात उभी राहून ऐकलं.

वाटीत हळद माझी वाळून गेली बाई,
म्हाळसा न्हायाला गेली, अजून आली न्हाई.

दाराम्होरं मांडव, मांडवात सावली,
पाटाच्या पान्यानं माझी वाट अडवली.

चाल अगदी संथ. ‘अजून’ या शब्दापाशी त्या थांबायच्या, हातातलं भांडंही थांबायचं, आणि मग पुढचे दोन शब्द जवळजवळ बोलल्यासारखे यायचे. म्हाळसा म्हणजे खंडोबाची बायको, त्यांच्या घराण्याचं दैवत. देवीच्या लग्नातलं हळदीचं गाणं असणार, असं मी धरून चालले. पाट म्हणजे नवरी बसते तो पाट, असा अर्थही मीच लावला.

“मावशी, हे कुणाचं गाणं?” मी विचारलं.

“आमचंच हाय,” त्या म्हणाल्या.

आमचंच म्हणजे समाजाचं, पूर्वापार चालत आलेलं, असं मी समजले. ‘माझं’ म्हणायच्या जागी त्या नेहमी ‘आमचं’ म्हणायच्या. आमचं डोकं दुखतंय, आमचा डबा राहिला. हे मला रोज ऐकू येत होतं, पण त्या दिवशी आलं नाही.

२०१७च्या डिसेंबरात एका दुपारी मी ते फोनवर रेकॉर्ड केलं. मुलांसाठी लोकगीतं जमवून मी यूट्यूबवर टाकत असे, तिथं टाकलं आणि खाली लिहिलं, ‘पारंपरिक धनगरी हळदीचं गीत, इंदापूर तालुका’. मावशींना दाखवलं तेव्हा त्या फोनकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, “नळाचाच आवाज लई येतुय.”

चार वर्षांनी बारामतीच्या स्वरूपा नावाच्या तरुण गायिकेचा मला निरोप आला. एक संगीत कंपनी जुन्या लोकगीतांचा अल्बम काढत होती. नऊ गायक, नऊ गाणी, सगळी नव्या साजात. तिला माझ्या व्हिडिओतलं गाणं हवं होतं. तिनं रीतसर विचारलं, “हे पारंपरिकच आहे ना मॅडम? कुणाची रचना नाही ना?”

मी एका शब्दात उत्तर पाठवलं. हो.

अल्बम आला आणि नऊ गाण्यांतलं हेच गाणं लोकांनी उचलून धरलं. ढोल, हलगी, मध्ये टाळ्या. शब्दही थोडे बदलले होते. हळदीच्या गाण्यात ‘अजून आली न्हाई’ कसं म्हणायचं, म्हणून ‘आली गं बाई आली’ केलं होतं. व्हिडिओत नथ घातलेली, पिवळ्या साडीतली एक गोरी मुलगी नदीतून हसत वर येते. महिन्याभरात मांडवामांडवात ते वाजू लागलं. मग दुसऱ्या गायकांनी आपापल्या चालीत ते म्हटलं. कुणी गिटारवर, कुणी कव्वालीसारखं, एका डीजेवाल्यानं तर नुसता ‘आली आली’चा ठेका केला. पहिल्या अल्बमवर श्रेय होतं, ‘पारंपरिक. संकलन : योगिनी’. ते माझं नाव मी आठवडाभर स्टेटसला ठेवलं होतं.

मोठ्या हौसेनं मी मावशींना ते ऐकवलं. त्या परात घासत होत्या. गाणं संपेपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही. मग नळ बंद केला.

“आली म्हनत्यात,” त्या म्हणाल्या. “कुठं आली?”

मला कळलं नाही. मी म्हटलं, “मावशी, देवी न्हाऊन येते ना मांडवात, तसं केलंय त्यांनी.”

“देवी न्हवं बाई. म्हाळसा आमची पोरगी.”

मग त्यांनी ओट्यावर बसूनच सांगितलं. म्हाळसा रामच्या पाठची. सतरा वर्षांची असताना लग्न ठरलं. लग्नाच्या चार दिवस आधी घरातली घोंगडी आणि धुणी घेऊन ती पाटावर गेली. पाट म्हणजे कालवा. त्या दिवशी कालव्याला पाणी सुटलेलं. धुणं झाल्यावर तिथंच न्हाऊन येते म्हणाली होती. मावशींनी घरी हळद वाटून ठेवली होती. मुलगी तिसऱ्या दिवशी सापडली, खूप खाली.

“घरात रडाया सोय नव्हती,” त्या म्हणाल्या. “मालक म्हनायचं, गप बस, तिचं नाव काढू नगं. मग भांडी घासाया बसलं की म्हनायची. दुसऱ्याच्या दारात कोन इचारतंय.”

“हे गाणं घरात कुणालाच माहीत नाही?”

“न्हाय. तुमीच ऐकलं.”

त्या आठवड्यात मी स्वरूपाला फोन केला. ती म्हणाली, “मॅडम, मी कंपनीला लिहिते.” कंपनीचं उत्तर चार ओळींत आलं. गाणं पारंपरिक म्हणून नोंदवलं आहे, त्या आधारावर इतर कलाकारांनी आपली रूपं काढली आहेत, रचना कुणा एकीची असल्याचा जुना पुरावा असल्यास पाठवावा. पुरावा एकच होता, माझा व्हिडिओ. आणि त्याखाली माझ्याच हातानं पारंपरिक असं लिहिलेलं होतं. मी तो मजकूर बदलला. कंपनीनं कळवलं की मजकूर आता बदललेला आहे, हे त्यांना दिसतं आहे.

स्वरूपानं एक वाट काढली. अल्बमचा दुसरा भाग येणार होता. त्यात मावशींनी स्वतः गावं, मूळ गाणं मूळ चालीत, नावासकट. मला वाटलं मावशी नाही म्हणतील. त्यांनी थोडा विचार केला.

“ती आली न्हाय येवढं तरी खरं सांगता यील,” त्या म्हणाल्या.

२०२३च्या फेब्रुवारीत आम्ही दोघी एसटीनं बारामतीला गेलो. भिगवण रोडला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर स्टुडिओ होता. विजयसिंह नावाचे पन्नाशीचे गृहस्थ तो चालवायचे. त्यांनी मावशींना खुर्ची दिली, पाणी दिलं, कानाला हेडफोन लावून दिला. स्वरूपा त्यांच्या पाया पडली. “आजी, घाई नाही,” विजयसिंह म्हणाले. “घरी म्हणता तसं म्हणा.”

मावशींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सुरुवात केली. पहिली ओळ बरी गेली. दुसरीला आवाज वर उडाला. ‘अजून’पाशी त्या थांबल्या नाहीत. तिथं टाळी येते तशी त्यांची चप्पल फरशीवर वाजली आणि तोंडातून आलं, “आली गं बाई…”

त्या गप्प झाल्या. “ह्ये न्हाय,” म्हणाल्या.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले, बोटांनी खुर्चीची कड धरली. शब्द आता बरोबर आले पण चाल स्वरूपाचीच. वर्षभर ते गाणं त्यांनी रस्त्यात, एसटीत, शेजारच्या मांडवात ऐकलं होतं, लोकांच्या फोनवर पाहिलंही होतं. कान काही बंद करता येत नाहीत.

“म्हनायचं बंद केल्यालं मी,” त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. “ते लागलं की मला म्हनावं वाटंना. त्यात ग्येलं वाटतं.”

विजयसिंहांनी सुचवलं की माझ्या व्हिडिओतला जुना आवाज त्यांना ऐकवावा. तो लावला. नळाचं पाणी, ताटल्यांचा आवाज, आणि त्यामागं मावशी. त्या वाकून ऐकत राहिल्या, जणू भिंतीपलीकडं कुणी बोलतंय. मग त्याच्यामागोमाग म्हणू लागल्या. दोन वेळा झालं. तिसऱ्या वेळी जुना आवाज बंद करून एकट्यांनी म्हटलं. थांबायच्या जागी थांबल्या.

“अगदी तसंच आलं,” विजयसिंह काचेमागून म्हणाले. “हेच ठेवू.”

मावशींनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

“तसंच हाय,” त्या म्हणाल्या. “पर नक्कल हाय ही. ती पोरगी करती तीबी नक्कल, अन् मीबी आता नक्कलच किली. न्हाय घालायचं ह्ये.”

स्वरूपानं खूप समजावलं. त्या ऐकून घेत होत्या, मान हलवत होत्या, आणि शेवटी उठून दाराकडे गेल्या. दुसरा भाग त्यांच्याशिवाय आला.

परत येताना एसटीत त्यांनी विचारलं, “पारंपरिक म्हंजी काय वो बाई?”

“फार जुनं. कुणी केलं ते माहीत नसलेलं.”

“मला म्हाईत हुतं की,” त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांनी मला एका शब्दानंही दोष दिला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात संस्कृतीचं लग्न झालं. मुलगा कन्हेरीचा. हळदही तिकडंच, सकाळी दहाला, शेताकडेच्या मांडवात. मावशींनी मला आग्रहानं बोलावलं होतं. संस्कृती पिवळ्या साडीत पाटावर बसली, बायका जमल्या, आणि डीजेवर तेच गाणं लागलं. साहजिकच होतं. ते गाणं कुणाचं, कुणावरचं, हे कुणालाच माहीत नव्हतं, रामलाही नाही. संस्कृती पाटावरून उठून नाचायला लागली आणि मावशींचा हात धरून ओढू लागली. “आज्जी, ये की. आपल्या तालुक्याचं गानं हाय.”

मी डीजेवाल्याकडे निघाले होते. मावशींनी मला मागून अडवलं.

“राहू द्या बाई. तिच्या हळदीत इघ्न नगं.”

त्या पुढं गेल्या. वाटीतली हळद दोन्ही तळव्यांना घेऊन त्यांनी नातीच्या गालांना लावली, हातांना लावली. ‘आली गं बाई आली’ला सगळा मांडव टाळ्या वाजवत होता. मावशींनीही वाजवल्या. दोनच. मग वाटी दुसरीच्या हातात देऊन त्या मांडवाबाहेर, जिथं आचारी भाजी चिरत होते तिथं जाऊन कांदे सोलत बसल्या. जेवणं होईपर्यंत तिथंच होत्या.

आमच्या ओट्यावर आता फक्त नळच ऐकू यायचा. एक दिवस मी विचारलं, “मावशी, मनातल्या मनातसुद्धा म्हणत नाही?”

“म्हनून काय करू,” त्या म्हणाल्या. “म्हाळसाचा फोटू न्हाय, बाई. एकबी न्हाय. लग्नात काढायचा हुता. तिचं तोंड मी त्या गान्यातच ठिवलं हुतं. म्हनाया लागलं की दिसायची. आता म्हनलं की ती नथवाली दिसती, पान्यातनं हसत येनारी. गोरीपान. आमची काळी हुती.”

गेल्या दिवाळीत गुडघ्यांमुळं त्यांनी काम सोडलं. व्हिडिओखाली मी आता त्यांचं नाव घातलं आहे, मुलीचं घातलं आहे, काय झालं तेही लिहिलं आहे. परवा तिथं कुणीतरी विचारलं होतं, हे स्वरूपाच्या गाण्याचं कव्हर आहे का, आजींनी छान म्हटलंय. मी उत्तर लिहिलं. त्यावर पुढं काही आलं नाही.

महिन्यातून एकदा मी कळंबला जाते. मागच्या वेळी मावशी दारात तूर पाखडत होत्या. संस्कृतीला सातवा महिना लागला आहे, असं त्यांनी सांगितलं. मुलगी झाली तर नाव म्हाळसा ठेवायचं ती म्हणते आहे. गाण्यातलं नाव तिला आवडतं.

“तुम्ही काय म्हणालात?”

“नगं म्हनले. तिनं कारन इचारलं.” त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. “म्हनले, लई जुनं नाव हाय.”