वादी जिझ्झीच्या टेकडीवरून पाहिलेलं बुसान

आधी इंगळे सरांचं नाव घेतो, मग पुढचं सांगतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे. माझे वडील जिनिंगमध्ये हमाल, आईला अक्षरओळख नाही. इंजिनिअरिंगचा फॉर्म सरांनी भरला, औरंगाबादच्या एसटीत सरांनी बसवलं. आमच्या वस्तीतला पहिला पदवीधर मी झालो तो त्यांच्यामुळे.

या सदरातले अनुभव मी वाचायचो आणि पान उलटायचो. विहारात वाढलेला माणूस मी. देवऋषी, भानामती, उतारा यांना आमच्या घरात कधी थारा नव्हता. शिवाय सरांची शिकवण अशी, की डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वहीत लिहायचं नाही. तरीही आज लिहायला बसलोय... कारण हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सरांचा एक नियम होता. एसटीत बसवतानाच त्यांनी तो सांगितला होता. "नव्या गावात गेलास की आधी उंचावर चढ. चारही दिशा बघ. प्रत्येक दिशेची एकेक ओळ मला लिही. ऐकीव लिहायचं नाही." मग सर वर्गात मोठा कोरा कागद लावायचे, त्यावर फक्त चार दिशा आणि गावाचं नाव. माझं पत्र वाचून दाखवायचे आणि मुलं त्यावरून ते गाव काढायची. सर स्वतः जिल्ह्याबाहेर फारसे गेले नव्हते. मी औरंगाबादहून लिहिलं, पुण्याहून लिहिलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मस्कतला आलो तेव्हा दार्सैतमधल्या आमच्या बिल्डिंगमागच्या टेकडीवर चढून लिहिलं – खाली कृष्णमंदिर, पलीकडे रूवी. पुढे ओमानमधल्याच सोहारला बदली झाली तेव्हा वादी जिझ्झी या कोरड्या नदीच्या तोंडाशी एक टेकडी आहे, वर पडका टेहळणी बुरूज, तिथून लिहिलं.

सोहारच्या औद्योगिक वसाहतीजवळ आमचा प्लांट उभा राहत होता. यंत्रसामग्री कोरियाहून, बुसान शहरातून येणार होती. तपासणीसाठी तीन आठवडे मी जायचं ठरलं आणि मी चूक केली... व्हिसा हातात पडायच्या आधीच सरांना कळवून टाकलं. सरांचं निवृत्तीचं वर्ष होतं. उत्तर लगेच आलं – "कागद लावला आहे. वर 'बुसान' लिहिले आहे. ही माझी शेवटची तुकडी. वाट पाहतो."

दोन आठवड्यांनी माझ्याऐवजी दुसरंच कोणी गेलं. कारण कोणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

साइटवर कोरियन कंपनीचे सुपरवायझर होते, हानसाहेब. मूळचे बुसानचे, दोन वर्षं घरी गेले नव्हते. माझा पडलेला चेहरा बघून त्यांनी चौकशी केली. कागदाची गोष्ट ऐकल्यावर चहाचा कप बाजूला ठेवला आणि माझ्या डायरीत शहरातल्या उंच जागांची यादीच करून दिली. बंदराजवळचा टॉवर, समुद्राकडेचा कडा, आणि सगळ्यात वर ह्वांगन्योंगसान – शहराच्या मधोमध डोंगर, माथ्यावर जुन्या काळी धूर करून इशारा द्यायचे त्या दगडी चुली.

"तिथून माझं घर दिसतं," ते म्हणाले. "उतारावर सगळ्यांच्या गच्च्या हिरव्या रंगाच्या. एकच राखाडी, ती आईची. रंग मी येऊन देईन म्हणतोय, दोन वर्षं झाली. पण बरं आहे. वरून लगेच सापडते."

ती माहिती घेऊन मी त्याच संध्याकाळी सरांना चार ओळींचं पत्र लिहिलं. पूर्वेला पूल, दक्षिणेला बंदर... जणू मी तिथे उभा होतो. राखाडी गच्चीसुद्धा लिहिली. पाकीट बंद केलं आणि पोस्टात टाकवेना. आठ दिवस ते खिशात घेऊन फिरलो. ज्या माणसाने मला खोटं लिहू नको म्हणून शिकवलं, त्यालाच खोटं लिहायचं, तेही त्याचा कागद कोरा राहू नये म्हणून.

डिसेंबरातला शुक्रवार होता, सुट्टीचा. हानसाहेब म्हणाले, "तुझी ती सोहारची टेकडी तरी दाखव." मुकादमभाईंनी पिकअप काढली. मुकादमभाई रत्नागिरीकडचे, आमचे फोरमन, वीस वर्षं ओमानमध्ये. सूर्य उगवत होता तेव्हा आम्ही बुरुजापाशी पोचलो.

रात्री समुद्रावरून धुकं आलं होतं. सोहार नाही, बंदर नाही, रस्ता नाही, सगळी सपाटी पांढऱ्या थराखाली. वर आम्ही तिघं, मागे डोंगर, आणि कोवळं ऊन.

"घ्या इंजिनेरसाहेब," मुकादमभाई म्हणाले. "खाली नुसता कापूस पिंजून ठेवलाय. ह्याच्यासाठी माझी बिर्याणीची झोप मोडलीत."

"बिर्याणी दुपारी असते, मुकादमभाई."

"झोप आधी लागते."

हानसाहेबांना काही कळलं नाही, तरी ते हसले. मीही हसलो आणि पुन्हा खाली पाहिलं.

धुकं विरळ झालं असं वाटलं. त्यातून सोहार वर आलं नाही... पूल वर आला. पाण्यावरून जाणारा लांब, टांगलेला, दोन मजली पूल. त्यावर गाड्या चालत होत्या, अगदी बारीक. मी डोळे चोळले नाहीत, काहीच केलं नाही. हळूहळू वळलो. एका बाजूला क्रेन, जहाजं, एक बेट. एकीकडे इमारती, इतक्या दाट की रस्ते चिरांसारखे. उत्तरेकडे ओमानचे उघडे डोंगर असायला हवे होते, तिथे झाडांनी भरलेले डोंगर. आवाज मात्र काहीच नव्हता. भीती वाटली नाही. विहारात पहिल्यांदा नेलं होतं तेव्हा लहानपणी वाटलं होतं तसं काहीतरी, की आता बोलू नये.

पण बोललो. हानसाहेबांना म्हणालो, "तुमचं शहर दिसतंय."

त्यांना वाटलं मी गंमत करतोय. "मग माझं घर शोध," ते म्हणाले. "राखाडी गच्ची."

मी शोधली. उतारावरच्या पायऱ्या सापडल्या, गच्च्या सापडल्या. "राखाडी एकही नाही."

"नीट बघ. पायऱ्यांच्या टोकाला, वाकड्या पाइनच्या झाडाशेजारी."

"झाड आहे. शेजारची गच्ची हिरवी आहे. ओली असल्यासारखी चमकतेय. वर एक बाई बसलीय, लाल रबरी टबात कोबी धुतेय. डोक्याला जांभळा रुमाल."

हानसाहेबांचं हसू थांबलं. त्यांनी माझ्या नजरेच्या दिशेने पाहिलं, मग माझ्याकडे. "मला धुकं दिसतंय," ते हळूच म्हणाले.

"मलापण," मुकादमभाई म्हणाले. त्यांनी थट्टा केली नाही. टोपी नीट केली आणि पुटपुटत काहीतरी म्हटलं.

तेवढ्यात एक गोष्ट लक्षात आली. सूर्य नुकता उगवला होता, माझी सावली बुरुजाच्या दगडांवरून लांब पश्चिमेला गेली होती. खालच्या घरांच्या सावल्या मात्र उत्तरेला पडल्या होत्या. मी घड्याळ बघितलं. सात वाजले होते.

मान वर केली तेव्हा पुन्हा धुकंच होतं. थोड्या वेळाने त्यातून प्लांटची चिमणी वर आली.

हानसाहेबांनी तिथूनच मोबाइल लावला. कोरियन भाषेतलं आम्हाला काय कळणार, पण आईशी बोलताना मोठ्या माणसाचा आवाज कसा होतो ते कळलं. बोलून झाल्यावर ते बुरुजाच्या पायरीवर बसले.

"मागच्या आठवड्यात रंग दिला तिने. मी सुट्टीवर येईन तेव्हा दाखवायचा होता. तुला कोणी सांगितलं, असं विचारतेय." मग म्हणाले, "हिवाळ्याची किमची, कोबीचं लोणचं, घालायला बसली होती. सकाळपासून गच्चीवरच."

"आणि रुमाल?" मी विचारलं.

"ते मी विचारलं नाही," ते म्हणाले. "हिंमत झाली नाही." नंतर गाडीत ते म्हणाले, "आता मी वरून माझं घर कसं ओळखणार?"

"वाकडं झाड आहे ना, साहेब," मुकादमभाई मोडक्या इंग्रजीत म्हणाले. "झाडाला कोण रंग देतंय."

खिशातलं पत्र मी त्याच दिवशी फाडलं आणि नवीन लिहिलं.

मी स्वतःला बरंच समजावलंय. हानसाहेबांचं वर्णन मनात घोळत होतं, धुक्यात माणसाला काहीही दिसतं. पण मनात घोळत होती ती राखाडी गच्ची. हिरवी कुठून आली? पुढे कोरियाला जायचा योग आलाच नाही. इतकी वर्षं झाली, याचा उलगडा माझ्याकडे नाही.

सर आता नाहीत. गेल्या खेपेला गावी गेलो तेव्हा त्यांच्या मुलाने माझी सगळी पत्रं बांधून माझ्या हाती दिली. त्यात हेही होतं. कडेला सरांच्या पेन्सिलीने मांडलेला हिशेब आहे – रेखांश सोहार ५७, बुसान १२९, फरक ७२ अंश, गुणिले ४, २८८ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास. आणि खाली, आमच्या वह्यांवर करायचे तशी, बरोबरची खूण. ते पत्र असं –

आदरणीय सर,

सप्रेम जयभीम. मी बुसानला गेलो नाही. जाणे रद्द झाले, हे तुम्हाला कळवायची लाज वाटली. ऐकीव माहितीवर एक पत्र लिहिले होते, ते फाडले. आज सकाळी सात वाजता सोहारच्या टेकडीवरून जे दिसले ते लिहितो.

पूर्वेला पाण्यावर टांगलेला दोन मजली पूल.

दक्षिणेला बंदर, क्रेन आणि एक बेट. अलीकडच्या उतारावर सगळ्या गच्च्या हिरव्या, त्यातल्या एकीवर एक आई कोबी धुते आहे.

पश्चिमेला दाट इमारती.

उत्तरेला झाडीचे डोंगर, आणि सगळ्या घरांच्या सावल्या त्यांच्याकडे तोंड करून. माझी सावली त्या वेळी पश्चिमेला होती. माझ्याकडे सकाळ होती सर, तिथे मध्यान्ह.

हे पाहिलेले आहे की नाही, ते मला ठरवता येत नाही. ऐकीव नाही, एवढे नक्की. कागद भरायचा की कोरा ठेवायचा, ते तुम्ही ठरवा. तुम्ही जे ठरवाल ते मी खरे मानीन.

तुमचा विद्यार्थी