बिनतोंडाची होडी

माझा मेहुणा देशपांडे नगरात बसून शिडाच्या होड्या आखतो. हुबळीला समुद्र नाही, पण हा शहाणा होड्या आखतो! त्यानं एक होडी अशी काढली की तिला पुढचं-मागचंच नाही. परतताना वळवायची नाही; शीड या टोकाचं त्या टोकाला नेलं की ती उलटी चालते. ते शीड माझ्या बायकोनं मशिनीवर शिवलं.

उणकलच्या तळ्यावर होडीची पूजा होती. मी विचारलं, "हिचं तोंड कुठलं रे? कुंकू कुठं लावू, तुझ्या कपाळाला?"

बायको म्हणाली, "दोन्हीकडं लावते की." लावलं आणि माझ्याकडं तोंड करून होडीत बसली. "अहो, या की!"

"बिनतोंडाच्या होडीत मी बसत नाही."

होडी लांब गेली, न वळता परत आली. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा बायकोचं तोंड माझ्याकडंच होतं.

ती वारली त्याला सहा महिने झाले. काल मेहुणा म्हणाला, "दाजी, आता तरी बसा."

होडी मला अजून खुळचटच वाटते. तरी दोन्ही टोकांना कुंकू लावलं आणि तिच्या जागेवर, काठाकडं तोंड करून बसलो. काठावर कुणी नव्हतं.