बाप्पासाठी शुद्ध केलेलं पाणी

विजयालक्ष्मीमावशींनी आयुष्यभर रेल्वेत तिकिटं तपासली. नोकरी संपली, आवाज तेवढा राहिला. इकडे उत्तरेत, सीपरी बाजारमागच्या आमच्या गल्लीत पावसाळ्यात बेडूक रस्ता ओलांडू लागले, की त्या छत्री आडवी धरून स्कूटरी अडवतात. "भैया, पहले ये निकलेंगे, फिर आप." मोठमोठे दुकानदारही गुमान थांबतात.

बेडूक जातात ते गल्लीच्या टोकाच्या तलैयात. तलैया कसली, उथळ डबकंच ते. वैशाखात कोरडं ठणठणीत पडतं. आमच्या शहाण्या लोकांना त्याची लाज वाटते. सिमेंटचा काठ बांधा, बारमाही पाणी ठेवा, मासे सोडा, एक ना दोन. ते आटतं म्हणूनच तिथे मासे टिकत नाहीत, आणि मासे नाहीत म्हणून बेडकांची अंडी वाचतात, हे मावशी सांगून सांगून थकल्या. पण ज्याच्या काठी कोनशिला बसवता येत नाही त्या पाण्याची इथे कुणाला पडली आहे?

यंदा पाऊस उशिरा आला. हळदीसारखे पिवळे नर तलैयात ओरडले तेही उशिराच, त्यामुळे गणपती तोंडावर आले तरी पिल्लं पाण्यातच होती. शेपट्या तशाच, मागचे पाय नुकते फुटलेले. आणि नेमकं तेव्हाच आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींच्या, जयंतरावांच्या डोक्यात आलं, की दरवर्षी बेतवा नदीपर्यंत जायचं कशाला? दीड दिवसाचे गणपती तलैयातच विसर्जित करू.

"त्या शेवाळात बाप्पा?" बैठकीत कुणीतरी नाक मुरडलं.

"पाणी एकदम साफ करून देतो ना," जयंतराव म्हणाले. "ब्लीचिंग पावडर टाकली की झालं."

मावशी ताडकन उठल्या. "सगळी पिल्लं मरतील! पंधरा-वीस दिवसांत ती आपल्या पायांनी बाहेर पडतील. यंदा नदीवरच चला, गाड्यांचं मी बघते."

"मावशी, आप टेन्शन मत लो. तुम्हाला विचारल्याशिवाय काही करणार नाही."

सगळ्यांसमोर शब्द दिला होता या गृहस्थाने. मी तिथेच बसले होते.

चतुर्थीच्या सकाळी मावशी प्राणप्रतिष्ठेला बसल्या. मी शेजारची, दूर्वा निवडायला त्यांच्याकडेच होते. पूजा अर्धी टाकून कुणी उठत नाही, हे मराठी घरात वेगळं सांगावं लागत नाही, आणि जयंतरावांनी मजूर पाठवायला वेळ साधली ती हीच. खिडकीतून पावडरीचा उग्र वास आला. मावशींचे हात थांबले, डोळे भरले, पण त्या उठल्या नाहीत. पूजा आटोपून धावत गेलो तेव्हा पाणी पांढुरकं झालं होतं आणि त्यात काहीही हलत नव्हतं. असली लबाडी करायची आणि वर देवाचं नाव पुढे करायचं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी वाजतगाजत मंडळी तलैयावर आली. "वा, काय नितळ पाणी!" म्हणाली. मावशींनी आपली शाडूची मूर्ती घरीच बादलीत विसर्जित केली होती. त्या काठावर नुसत्या उभ्या होत्या. मंडळाची मूर्ती बुडाली. विसर्जन झालं की तळाची मूठभर माती पाटावर ठेवून घरी न्यायची आपल्याकडे रीत आहे. जयंतराव गुडघाभर पाण्यात वाकले, मूठ भरून वर आले. चिखलात पिल्लंच पिल्लं होती, फिकट, इवले पाय ताणलेली. त्यांनी ती झटकायला हात उचलला.

"टाकायची नाहीत," मावशी कडाडल्या. "पाटावर ठेवा. घरी न्या, देवापुढे ठेवा आणि सांगा त्याला, तुझ्यासाठी केलं म्हणून."

पाट जयंतरावांच्या सुनेच्या, ऋचाच्या हातात होता. त्यांनी तिच्याकडे आशेने पाहिलं. तिने मान खाली घातली आणि पाट पुढे केला.

त्यांना मूठ उघडावी लागली.