आईच्या आवडत्या जोडीचा नवा सिनेमा

आमच्या भिलाईच्या हुडको कॉलनीतल्या घरात देवांच्या खालोखाल मान होता तो दोन दिग्दर्शकांना. दोघं मित्र मिळून मराठी सिनेमे काढायचे. आई त्यांना ‘आपले दोघं’ म्हणायची, जसे काही ते भंडाऱ्याला आमच्या मामाच्या शेजारीच राहतात. तसा भिलाईत मराठी सिनेमा लागतो कुठे? आमचं मराठी मंडळ वर्षाकाठी नागपूरहून रिळांच्या पेट्या मागवायचं आणि शेजारच्या दुर्गच्या एका टॉकीजमध्ये रविवारी सकाळी एक खेळ व्हायचा, तेवढंच.

आईचं त्या जोडीवर प्रेम का, तर त्यांच्या सिनेमात गरीब माणूस कधी येडा नसायचा. स्वयंपाकीण असो की हमाल, नेमकं शहाणपणाचं बोलायचा. “आपल्यासारख्याले इज्जत देतेत ते,” आई म्हणायची. बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये रोलिंग मिलला कामगार होते. मंडळात साहेबलोकांच्या बायका पुढे बसत, आम्ही मागे.

सिनेमा पाहून आली की दुसऱ्या दिवशी मागच्या भिंतीपाशी उभी राहून आई तो शेजारच्या मल्याळी आंटीला आपल्या मोडक्या हिंदीत अख्खा सांगायची. आंटी पदरानं डोळे पुसायची. म्हणून त्या जोडीचा नवा सिनेमा आला तेव्हा आई हट्टानं तिला सोबत घेऊन निघाली. बाबांची पहिली पाळी होती, तेव्हा आम्ही तिघीच. मी तेव्हा आठवीत होते.

सुरुवातीला सगळं छान चाललं होतं. आई आंटीच्या कानाशी लागून एकेक वाक्य हिंदीत सांगत होती. मग पडद्यावर गड्याचं काम करणारा एक माणूस आला. तोंड उघडं, धोतर अर्धवट सुटलेलं. मालकानं त्याला छडीनं झोडपायला घेतलं, तसा तो ओरडला, “मालक, मले कावून मारता? मी त काईच नाई केलं जी!”

अख्खं टॉकीज खदखदून हसलं. पुढच्या रांगांतल्या बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मला काही कळेचना. हे तर आमच्या घरातलं बोलणं होतं! असं बोलणारा माणूस मार खातोय, आणि ‘आपल्या दोघां’नी तो विनोद म्हणून ठेवलाय?

आंटीनं विचारलं, “क्या बोला?”

आईनं सवयीनं सांगून टाकलं, “बोलता है, मेरे को क्यों मारते, मैंने तो कुछ नहीं किया.”

आंटीनं मान उंचावून पुढच्या रांगांकडे पाहिलं. मग म्हणाली, “तो लोग हँसता क्यों है?”

त्यानंतर तो गडी तोंड उघडायचा आणि लोक हसायचे, हे शेवटपर्यंत चाललं. आईनं पुढचं एकही वाक्य आंटीला सांगितलं नाही. मला त्या दोघा दिग्दर्शकांचा असा राग आला, की आज इतक्या वर्षांनीही तो उतरलेला नाही. परक्यांनी केलं असतं तर एवढं लागलं नसतं.

बाहेर आलो तर दाराशी मंडळाच्या सेक्रेटरींच्या पत्नी उभ्या. बाई मनानं चांगल्या होत्या. त्यांनी आईला हसून विचारलं, “काय वहिनी, कसा वाटला?”

आईनं तोंड उघडलं. सिनेमाबद्दल विचारलं की तिला थांबवणं कठीण, हे मला ठाऊक होतं. पण तिनं तोंड मिटलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, “अच्छा था, बहनजी.”

मराठी माणसाशी आई कधी हिंदीत बोललेली मी ऐकली नव्हती. बाई क्षणभर गोंधळल्या, मग त्याही हिंदीवर आल्या. “कॉमेडी बहुत बढ़िया थी ना?”

“हाँ,” आई म्हणाली.

आंटी शेजारीच उभी होती. आई एका मराठी बाईशी काय बोलली, ते त्या दिवशी पहिल्यांदाच तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.